मुलीच्या सिझेरियननंतर उरलेल्या ऑक्सिकोडोनच्या गोळ्यांचे काय करावे?

सातारची आजी (सध्या मुक्काम एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

मुलीच्या बाळंतपणासाठी मी गेल्या महिन्यात साताऱ्याहून येथे आले. सिझेरियन करावे लागले, पण बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. रुग्णालयातून घरी सोडताना तिला ‘ऑक्सिकोडोन-अ‍ॅसिटामिनोफेन ५-३२५’ असे नाव लिहिलेल्या २० गोळ्या मिळाल्या. पहिल्या तीन दिवसांत तिने ६ घेतल्या आणि त्यानंतर साध्या आयब्युप्रोफेनवर भागले. म्हणजे १४ गोळ्या शिल्लक आहेत, आणि माझा प्रश्न त्यांच्याबद्दल आहे.

मी निवृत्त शिक्षिका आहे आणि आमच्या घरात औषध टाकून देण्याची पद्धत नाही. जे उरते ते औषधांच्या डब्यात जाते आणि कधी ना कधी कोणाच्या तरी उपयोगी पडते. माझ्या यजमानांचे वय ७४ आहे, त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात आणि जिना चढताना त्यांचे हाल पाहवत नाहीत. माझ्या भावाने फोनवर सांगितले की अ‍ॅसिटामिनोफेन म्हणजे आपले पॅरासिटामॉलच, तेव्हा ही जरा जोरकस क्रोसिन समजावी. त्यामुळे परत जाताना त्या घेऊन जाव्यात असे माझ्या मनात होते. मुलगी नको म्हणते, पण कारण विचारले तर ‘इथे चालत नाही’ एवढेच सांगते. जावई म्हणतात की कचऱ्यात टाका. रुग्णालयाने दिलेल्या कागदांच्या जाडजूड गठ्ठ्यात उरलेल्या औषधांविषयी एक पान आहे असे आम्हाला काल समजले. नर्सबाईही निघताना काहीतरी बोलल्या होत्या, पण त्या वेळी बाळ रडत होते, मुलगी गुंगीत होती आणि जावई गाडीतली बाळाची खुर्ची बसवत होते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या बाटलीचे झाकण माझ्याने उघडत नव्हते, म्हणून मी गोळ्या बडीशेपेच्या एका छोट्या स्टीलच्या डबीत काढून स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवल्या आहेत. घरात चार वर्षांचा थोरला नातूही आहे.

या गोळ्या भारतात नेता येतील का? नेता येत नसतील तर एखाद्या कर्करोग रुग्णालयाला देता येतील का? आणि नष्टच करायच्या असतील तर त्या कशा कराव्यात, हे कोणी जाणकाराने सविस्तर सांगावे.

जर्सीचा औषधवाला

काकू, बाकीचे नंतर वाचा. आधी डबीतल्या गोळ्या मोजून मूळ बाटलीत भरा, झाकण घट्ट बसवा आणि बाटली कुलपात ठेवा. ते झाकण सहजासहजी उघडत नाही, कारण लहान मुलांच्या हातून ते उघडू नये म्हणूनच ते तसे केलेले असते. १९७० च्या कायद्यापासून येथे अशी झाकणे सक्तीची आहेत. चार वर्षांच्या मुलाने बडीशेपेच्या डबीतून एक-दोन गोळ्या चघळल्या तर त्याचा श्वास हळूहळू मंदावत थांबू शकतो, आणि पाहणाऱ्याला मात्र मूल गाढ झोपले आहे असेच वाटते. मोजणीत गोळी कमी भरली आणि तिचा हिशोब लागला नाही, तर १-८००-२२२-१२२२ या विषबाधा मदत क्रमांकावर लगेच फोन करा. मूल हाका मारूनही उठत नसेल, तर थेट ९११.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मी या राज्यात १६ वर्षे औषधांच्या दुकानात काम करतो आणि तुमच्यासारखा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी आपल्याच कोणाकडून तरी ऐकतो. तुमचे बंधू अर्धे बरोबर आहेत. नावातला ३२५ हा आकडा पॅरासिटामॉलच्या मिलिग्रॅमचा आहे, आणि त्याच्या आधीचा ५ हा ऑक्सिकोडोनचा. हे ऑक्सिकोडोन अफूच्या बोंडातून मिळणाऱ्या थेबेन नावाच्या द्रव्यापासून तयार करतात. ‘ओपिऑइड’ असे म्हटले तर आपल्याकडच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही, पण ‘अफूच्या जातीचे औषध’ म्हटले की त्या सावध होतात, असा माझा अनुभव आहे. माझ्या आजीला बाळागोळी ठाऊक होती. मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना शांत ठेवण्यासाठी देत असत ती अफूची गोळी. तुमच्या फडताळात ठेवलेली वस्तू त्याच कुळातली आहे. त्यातले पॅरासिटामॉलही विसरू नका: मुलगी ही गोळी घेऊन वर टायलेनॉलही (येथले पॅरासिटामॉल) घेत असेल तर एकच औषध दोनदा पोटात जाते, आणि दिवसाला ४,००० मिलिग्रॅमच्या वर गेले की यकृताला धोका होतो.

बाटलीवरची बारीक अक्षरातली चिठ्ठी मुलीकडून वाचून घ्या. ज्या रुग्णाला औषध लिहून दिले आहे त्याच्याखेरीज इतर कोणाला ते देण्यास संघीय कायद्याने मनाई आहे, असे तिच्यावर छापलेले असते. म्हणजे मुलीने या गोळ्या वडिलांना देणे हाच येथे गुन्हा ठरतो, मग विमानात बसण्याचा प्रश्न दूरच राहिला.

नष्ट करण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे औषधे परत घेणारी पेटी. २०१४ पर्यंत आम्हा औषध दुकानदारांना अशी नियंत्रित औषधे ग्राहकाकडून परत घेण्याची परवानगीच नव्हती. त्या वर्षीच्या नियमानंतर दुकानांनी नोंदणी करून पेट्या ठेवायला सुरुवात केली. टपालाच्या मोठ्या पेटीसारखी ती दिसते, गोळ्या आत सरकवायच्या आणि निघून यायचे. न्यू जर्सीत याच्याही आधी, २०११ पासून, पोलीस ठाण्यांमध्ये ‘प्रोजेक्ट मेडिसिन ड्रॉप’च्या पेट्या आहेत. पोलीस ठाणे म्हटले की आपल्या माणसाचे पाऊल अडखळते, हे मला माहीत आहे. पण तेथे कोणी नाव विचारत नाही आणि गोळ्या मोजतही नाही. मुलीला घराबाहेर पडता येत नसेल तर जावयांनी नेऊन टाकल्या तरी चालते. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी देशभर औषधे परत घेण्याची मोहीमही असते, परंतु चार वर्षांचे मूल घरात असताना तिची वाट पाहू नये. २०२५ पासून काही दुकानांत टपालाने पाठवण्याचे पाकीटही मिळते. त्यावरचा टपालखर्च औषध कंपन्या भरतात, तेव्हा ते मागून पाहायला हरकत नाही.

यांपैकी काहीच हाताशी नसेल तर ऑक्सिकोडोन संडासात टाकून पाणी सोडावे, असे येथील अन्न व औषध प्रशासनच सांगते. ही सवलत मोजक्या औषधांपुरतीच आहे. उरलेले आयब्युप्रोफेन संडासात टाकू नये. ते न चुरता कॉफीच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळून, पिशवीत बंद करून कचऱ्यात टाकावे. रिकाम्या बाटलीवरचे मुलीचे नाव काळ्या शाईने खोडायला विसरू नका.

हिशोबी नाशिककर

माहिती उत्तम आहे, पण दोन शंका आहेत. पहिली अशी की टाके पडलेल्या जागी पुन्हा कळ उठली तर काय करायचे? आठ-दहा गोळ्या घरात असलेल्या बऱ्या, असे कोणालाही वाटेल. आणि दुसरी अशी की एकीकडे नदीत निर्माल्य टाकू नका म्हणून आपण गळा काढतो आणि दुसरीकडे अफूजन्य औषध गटारात सोडायला सांगतो, हे मला पटत नाही.

जर्सीचा औषधवाला

पहिल्या शंकेचे उत्तर असे की सिझेरियननंतर दोन-तीन आठवड्यांनी अशी गोळी लागण्याइतकी कळ उठलीच, तर ती गोळी खाऊन दाबण्याची नव्हे, डॉक्टरांना दाखवण्याची वेळ असते. जखम चिघळली असेल तर गोळीमुळे ते कळायला उशीर होईल.

पाण्याबद्दलची तुमची अस्वस्थता मलाही आहे, म्हणून तर पेटी पहिली आणि संडास शेवटचा, असा क्रम सांगितला. संडासात टाकायच्या यादीतील १५ औषधांचा पाण्यावर होणारा परिणाम तपासणारा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात धोका नगण्य आढळला. नद्यांमध्ये जी औषधे सापडतात त्यांतील बराचसा भाग माणसांच्या लघवीतूनच तेथे पोहोचलेला असतो. घरातले मूल आणि १४ गोळ्यांचे पाणी या दोहोंत निवडायची वेळ आली तर मी मूल निवडीन.

पुण्यातील भूलतज्ज्ञ

ताई, तुमच्या भारताविषयीच्या दोन प्रश्नांची उत्तरे मी देतो.

ऑक्सिकोडोन आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविषयक, कायद्याखाली येते. प्रवाशाने स्वतःच्या नावाच्या चिठ्ठीसह स्वतःचे औषध बाळगणे निराळे. येथे मात्र चिठ्ठी मुलीची, नेणाऱ्या तुम्ही आणि घेणारे यजमान. विमानतळावर कोणी विचारले तर यातले काहीही तुमच्या बाजूने सांगता येणार नाही. कर्करोग रुग्णालयाची कल्पना मात्र मला मनापासून आवडली, कारण आपल्याकडे मॉर्फिनअभावी तळमळणारे रुग्ण मी पाहिले आहेत आणि तिकडे घरोघरी उरलेल्या गोळ्यांच्या कथा ऐकल्या की चीड येते. या रुग्णांसाठीच २०१४ मध्ये कायदा सुधारून मॉर्फिन, ऑक्सिकोडोन इत्यादी सहा औषधांचा ‘अत्यावश्यक’ म्हणून वेगळा विचार झाला. पण मान्यताप्राप्त संस्थेला अशा औषधाच्या गोळीगोळीची नोंद ठेवावी लागते. घरात उघडलेल्या बाटलीतल्या, डबीत ठेवलेल्या गोळ्या कोणतेही रुग्णालय घेणार नाही आणि घेऊही नये.

आता यजमानांविषयी. गुडघ्यांची झीज हे महिनोन्‌महिने चालणारे दुखणे आहे, त्याला १४ गोळ्या साडेतीन दिवस पुरतील. त्या बदल्यात ७४ व्या वर्षी काय पदरी पडेल? पोट घट्ट होईल, प्रोस्टेट वाढलेले असेल तर लघवी अडेल, रात्री उठताना तोल जाईल. आपल्याकडे या वयात झोपेसाठी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम चालू असणे फार सामान्य आहे, आणि त्याच्या जोडीला हे औषध गेले तर श्वासावर दुहेरी दाब येतो. त्यांना यांपैकी काही चालू आहे का, हे कृपया विचारा.

हा केवळ अमेरिकेचा प्रश्न आहे असे समजू नका. येथे शस्त्रक्रियेनंतर रुग्ण ट्रामाडॉल किंवा टॅपेंटाडॉल घेऊन घरी जातात, आणि सांधा बदलल्यावर सात दिवस चालणारी बुप्रेनॉर्फिनची चिकटपट्टीही अनेकांना लावली जाते; ही तिन्ही अफूवर्गीय औषधेच. सात दिवसांनी काढलेल्या पट्टीत बरेच औषध शिल्लक असते. ती चिकट बाजू आत येईल अशी दुमडून टाकावी लागते, हे मी रुग्णांना सांगतो, पण दोन वर्षांपूर्वीपर्यंत सांगत नव्हतो, हे येथे मान्य करतो. एका आजोबांच्या सुनेने ती पट्टी उघडीच ओल्या कचऱ्यात टाकल्याचे बोलता बोलता समजले, तेव्हा चूक तिची नसून आमची आहे हे लक्षात आले. ट्रामाडॉल तर एप्रिल २०१८ पासून मनोप्रभावी पदार्थांच्या यादीत आहे, तरी घरोघरी ते ‘ताकदीची पेनकिलर’ म्हणूनच ओळखले जाते.

एका बाबतीत आपण तिकडच्यापेक्षा बरे आहोत. आपला केमिस्ट कात्रीने स्ट्रिप कापून हव्या तेवढ्याच गोळ्या देतो, त्यामुळे मुळात उरते कमी. पण त्याच कात्रीने पुष्कळदा औषधाचे नाव आणि मुदतीची तारीखही कापली जाते.

ऑपरेशन वॉर्डातली ताई (डेट्रॉइटजवळ)

मी शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे आणि आजींच्या प्रश्नातले एक वाक्य माझ्या मनातून जात नाही: नर्सबाई काहीतरी बोलल्या होत्या. त्या नर्सबाई मीही असू शकले असते. घरी सोडताना आम्हाला जखमेची निगा, ताप, रक्तस्राव, दूध पाजणे, पुढची तारीख असे सगळे अर्ध्या तासात सांगायचे असते, आणि उरलेल्या गोळ्यांचा विषय त्यात शेवटी येतो. ऐकणारी व्यक्ती त्या वेळी बहुधा वेदनेत किंवा गुंगीत असते.

परिणाम काय होतो ते आकड्यांत दिसते. २०१७ मध्ये सहा अभ्यास एकत्र करून ८१० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात अभ्यासागणिक ६७ ते ९२ टक्के रुग्णांकडे अफूवर्गीय गोळ्या उरल्या होत्या आणि बहुतेकांनी त्या कुलपाबाहेर ठेवल्या होत्या. त्याच वर्षी सिझेरियन झालेल्या ७२० बायकांचा अभ्यास आला: साधारणपणे ४० गोळ्या मिळाल्या, २० वापरल्या आणि १५ उरल्या, आणि ज्यांच्याकडे उरल्या त्यांतल्या सुमारे ९५ टक्के बायकांनी त्या नष्ट केलेल्या नव्हत्या. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी गोळ्या कमी लिहून देण्याकडे कल वाढला. न्यू जर्सीत तर नव्याने उद्भवलेल्या दुखण्यासाठी पहिल्यांदा पाच दिवसांहून अधिक पुरेल इतके औषध देता येत नाही. आजींच्या मुलीच्या २० गोळ्या म्हणजे सहा तासांनी एक असे बरोबर पाच दिवस होतात.

मग शिकवल्याने फरक पडतो का? पडतो, पण आम्हाला वाटतो तेवढा नाही. सेंट लुईसमध्ये शस्त्रक्रियेच्या रुग्णांना साधे माहितीपत्रक देऊन पाहिले, तेव्हा गोळ्या नष्ट करणाऱ्यांचे प्रमाण ११ टक्क्यांवरून २२ वर गेले. दुप्पट झाले म्हणून आनंद मानावा, की दहातले जवळजवळ आठ जण तसेच राहिले म्हणून खंत करावी, हे ज्याने त्याने ठरवावे. आमच्या मिशिगनमध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही रुग्णांना नेहमीच्या सूचना, काहींना माहितीपत्रक आणि काहींना सक्रिय कोळशाची पिशवी दिली होती. या पिशवीत गोळ्या आणि कोमट पाणी घालून ती बंद केली की कोळसा औषध शोषून घेतो आणि पिशवी कचऱ्यात टाकता येते. रुग्णांच्याच सांगण्यानुसार नष्ट करणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे २९, ३३ आणि ५७ टक्के निघाले. माझ्या मते कारण सरळ आहे. लोकांना गोळ्या टाकायच्या नसतात असे नाही. पण पेटी कोठे आहे हे शोधून, गाडी काढून, तेवढ्यासाठी जाणे राहून जाते. साधन हातात दिले तर काम होते.

आमच्या वॉर्डात आता मी तीन गोष्टी करून पाहते. विषय शस्त्रक्रियेच्या आधीच, पूर्वतपासणीच्या दिवशी काढते, कारण तेव्हा डोके ठिकाणावर असते. घरी औषधांचा डबा कोणाच्या ताब्यात असतो हे विचारून त्या व्यक्तीलाच समोर बसवते. आपल्या घरांत ती व्यक्ती बहुधा रुग्ण नसते, आई किंवा सासू असते. आणि सांगून झाल्यावर ‘कळले का?’ असे न विचारता, ‘घरी गेल्यावर उरलेल्या गोळ्यांचे काय कराल ते मला सांगा’ असे विचारते. ‘कळले का?’ला आपल्याकडे मान हलवण्यापलीकडे उत्तर नसते.

आजी, ते इंग्रजी कागद वाचणे अवघड गेले असेल तर त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. सरकारी आरोग्यनिधी घेणाऱ्या रुग्णालयाने भाषेची अडचण असणाऱ्याला विनामूल्य दुभाषी द्यावा, असा येथील कायदा आहे, आणि फोनवर मराठी दुभाषी मिळतो. मागितल्याशिवाय मात्र तो क्वचितच मिळतो.

सातारची आजी

सर्वांचे मनापासून आभार. औषधवाले, तुमचे उत्तर वाचून मी तशीच उठले आणि गोळ्या मोजल्या, तर तेराच भरल्या. पुढची दहा मिनिटे कशी गेली ते सांगता येत नाही. नातू अंगणात खेळत होता, त्याला आत आणून चार वेळा बोलते केले आणि त्याचे तोंड हुंगून पाहिले. मुलगी झोपेतून उठल्यावर उलगडा झाला: परवा रात्री बाळाने जागवले तेव्हा तिने स्वतःच डबीतून एक घेतली होती आणि मला सांगितले नव्हते. काल संध्याकाळी जावयांबरोबर जाऊन तेराही गोळ्या दुकानातल्या पेटीत टाकल्या. यायला-जायला धरून पंधरा मिनिटे लागली. बडीशेपेची डबी साबणाने तीनदा धुतली, तरी मुलगी ती पुन्हा वापरू देत नाही.

डॉक्टरसाहेब, यजमानांना रात्रीची अर्धी अल्प्राझोलाम चालू आहे. मला ती ‘झोपेची लहान गोळी’ एवढीच माहीत होती.

आता नवा प्रश्न. फोनवर यजमानांना घरचा औषधांचा डबा उघडायला लावला. त्यात त्यांच्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळची ट्रामाडॉलची अर्धी स्ट्रिप निघाली, सहा गोळ्यांची. तारखेचा भाग कापलेला आहे. साताऱ्यात अशी पेटी कोठे शोधायची?

पुण्यातील भूलतज्ज्ञ

ताई, शोधत बसू नका. केरळमध्ये कोझिकोडला २०२५ मध्ये उरलेली औषधे घरोघरून गोळा करण्याचा उपक्रम सुरू झाला आहे, पण आपल्याकडे तशी सोय सर्रास नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेली औषधे घरगुती घातक कचऱ्यात धरली आणि ती वेगळी द्यायला सांगितली. ती वेगळी घेणारी घंटागाडी सर्वांच्या दारात येतेच असे नाही.

मे २०२५ मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. घरात ठेवणे धोक्याचे म्हणून संडासात टाकून पाणी सोडावे, अशा १७ औषधांची यादी त्यांत आहे. अमेरिकेच्या यादीत ट्रामाडॉल नाही, आपल्या यादीत ते आहे. यजमानांना सहाही गोळ्या स्ट्रिपमधून काढून संडासात टाकायला आणि भरपूर पाणी सोडायला सांगा. रिकामी स्ट्रिप सुक्या कचऱ्यात जाईल. अल्प्राझोलाम मात्र त्यांनी आपल्या मनाने एकदम बंद करू नये. ती कमी करायची असेल तर ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांकडूनच, हळूहळू.

आणि डबा उघडलेलाच आहे, तर त्यांना आणखी एक काम सांगा: नाव कापले गेलेल्या सगळ्या स्ट्रिपा बाजूला काढून त्यांचे फोटो येथे टाका. त्या काय आहेत ते आपण एकेक करून पाहू.